मादामचा पान्हा

गाय व्यायला अजून दोन महिने होते, आणि ताक्कोच्या घरात दुधावर जगणारं माणूस एकच होतं, तेही साडेतीन महिन्यांचं.

दिक्को तिचं नाव. ताक्कोची नात, लेकीची लेक. लेक जेनेबा बाळंतपणातच गेली. जावयानं चाळीस दिवस कसेबसे काढले, आणि पोर आजीच्या ओटीत घालून तो मोकळा झाला. सुरुवातीला थोरल्या सुनेनं आपल्या बाळाबरोबर दिक्कोलाही पाजलं. पण त्या साली पावसानं अशी काही पाठ फिरवली की फेर्लोच्या माळावरचं गवत जानेवारीतच सरलं. ताक्कोचे दोन्ही मुलगे, सुना, नातवंडं सगळा कळप घेऊन दक्षिणेला निघाले. पाजणारी गेली. मागं उरल्या चार शेळ्या, एक गाढव, एक गाय आणि दुधाच्या भुकटीचे डबे. मार्च उजाडेपर्यंत शेळ्या आटल्या. आटलेल्या शेळ्या बाजारात विकायच्या आणि डबे आणायचे, असं चाललं होतं. शेळ्या चारच होत्या, पण दिक्कोची भूक काही चारावर थांबणारी नव्हती.

आणि हो, मागं ताक्कोचा म्हाताराही उरला होता. खरं तर त्या वर्षीची सगळ्यात मोठी बातमी तीच.

योरो त्याचं नाव. पण ताक्कोनं चाळीस वर्षांत ते कधी तोंडातून काढलं नव्हतं, आपल्यात बायका काढतच नाहीत. योरो म्हणजे चालणारा माणूस. आठव्या वर्षी जो बापाच्या कळपामागं लागला तो पासष्टाव्या वर्षापर्यंत दर उन्हाळ्याला दक्षिणेला जाऊन आला. यंदा त्याचा उजवा गुडघा भोपळ्याएवढा सुजला. मुलं म्हणाली, "बाबा, तुम्ही यंदा राहा." योरो नुसतं बरं म्हणाला. गुरांमागं हिंडणाऱ्या फुलानी माणसाच्या पायात काटा मोडला तर तो आधी तुमची खुशाली विचारतो, तुमच्या गुरांची विचारतो, आणि तुम्ही गेल्यावर मग काटा काढतो. कळप निघाला तेव्हा त्यानं सगळ्यांना दुवा दिली आणि झोपडीच्या सावलीत पाठ करून बसला. धूळ खाली बसेपर्यंत मान वळवली नाही.

त्या दिवसापासून त्याचं जेवण सुटल्यासारखं झालं. बाजरीचे दोन घास, की झालं. चहाची किटली तीन तीन दिवस चढायची नाही. ज्या माणसाच्या घरी तीन वेळा चहा उकळल्याशिवाय सकाळ होत नव्हती, त्याच्या घरी! ताक्को मनात म्हणायची, एकीला पुरलं, आता दुसऱ्याला पुरायची पाळी येते की काय माझ्यावर.

राहता राहिली गाय. तिची आई इथलीच, वशिंड असलेली, काटक. बाप मात्र कुणी पाहिला नव्हता. त्याचं बीज तेवढं लातीर डॉक्टरच्या मोटारसायकलवरच्या डब्यातून, गार धूर सोडणाऱ्या नळीतून आलं होतं. लेक निघाली काळी-पांढरी, रुंद पुठ्ठ्याची, मोठ्या कासेची. इथल्या गाई जीव तोडून दीड लिटर देतात. ही सहा लिटर द्यायची. पण मिजास काय विचारता! ऊन चढलं की धापा टाकणार, गढूळ पाण्याला तोंड लावणार नाही, काटेरी पाला नाकानं बाजूला सारणार. ताक्कोनंच तिचं नाव ठेवलं, मादाम. लांबच्या वाटेला ती टिकणार नाही म्हणून मुलांनी तिला ठेवून दिलं. ठेवा असं सांगणारा योरोच होता.

लातीर हा त्या भागातला जनावरांचा डॉक्टर. पुरता डॉक्टर नव्हे, पण त्याच्याइतकं कुणी मोटारसायकलवर फिरत नव्हतं, म्हणून डॉक्टरच. जातीनं सेरेर, शेती आणि मासेमारीवाल्यांपैकी. सेरेर आणि फुलानी यांचं थट्टेचं नातं आज्या-पणज्यांपासूनचं. एकानं दुसऱ्याला गुलाम म्हटल्याशिवाय दोघांनाही बरं वाटत नाही. मार्चमध्ये तो मादामला तपासायला आला तो लांबूनच ओरडत.

"अरे ए गुलामा! मालक आलाय, उठून उभं राहायची पद्धत नाही का तुमच्यात?"

योरोनं मान वर केली. बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडावर काहीतरी हललं. "मालक? मासळीचा वास आला तेव्हाच ओळखलं. बाजरी खुरपायची सोडून गाईच्या शेपटाखाली हात घालत फिरतोस, तुझ्या बापाला सांगितलंस का?"

"माझ्या बापानंच तुला विकत घेतलं होतं, विसरलास? एका भोपळ्याच्या मोबदल्यात. भोपळा महाग पडला म्हणे."

ताक्को हसली. मग लातीरनं कोपरापर्यंत हात घालून गाय तपासली, हात धुतला, आणि एकदम कामाचा झाला.

"मावशी, नीट ऐका. गाय आटलीय, ते ठीकच आहे. मे संपता संपता ती विईलच. आता माणसं काय करतात, गाय दूध देत नाही म्हटलं की तिच्याकडे बघत नाहीत. पाणी कमी, सावली नाही, कुठंही सोडून द्यायची."

"दुभत्या गाईच्या लाथा गोड," ताक्को म्हणाली.

"तेच तर. आणि घोळ तिथंच होतो. पोटातलं वासरू वाढतं ते या दोन महिन्यांत. आईला ऊन लागलं की तिचं रक्त कातडी गार करायला धावतं, वासराला जात नाही. मग वासरू येतं खुरटं, दिवस भरायच्या आधी. त्याला चीक पाजला तरी अंगी लागत नाही. तुमच्या साध्या गाईला चालून जातं, हिला नाही. ही अर्धी थंड मुलखातली आहे. हिला दाट सावली आणि पोटभर पाणी. आणि चालवायची नाही. अजिबात."

"गाय आणि चालवायची नाही!" योरो म्हणाला. "मग काय पलंगावर निजवायची?"

"निजव. तू खाली नीज."

"जी गाय चालत नाही ती गाय राहत नाही, पोरा. पाय विसरतात तिचे. आणि दावणीला बांधलेली गाय बघितली की लोक विचारतात, हिचा मालक मेला का?"

लातीरनं हसून त्याच्या पाठीवर थाप मारली, पण जाताना ताक्कोला बाजूला घेऊन पुन्हा सांगितलं. वासरू जगलं तरच गाय पान्हा सोडेल. आई इथली आहे तिची; वासरू समोर नसेल तर कासेत दूध असून थेंब देणार नाही. ताक्कोला हे सांगायची गरज नव्हती. तिनं पाठीवर बांधलेल्या दिक्कोला जरा वर सरकवलं आणि मान डोलावली.

मोडक्या झोपडीचं छप्पर उतरवून तिनं मादामसाठी मांडव घातला. दाट गवताचा, चारी बाजू उघड्या, वारा खेळेल असा. पाण्याचं मात्र हाडं मोडणारं काम होतं. बोअरवेल लांब, गाढवाच्या गाडीवर रबरी पिशव्या टाकून पहाटे निघायचं, रांगेत उभं राहायचं, दुपारची नमाज होऊन गेल्यावर परत यायचं. एक दिवसाआड. पोर पाठीवर. म्हाताऱ्याला एवढंच सांगून जायची, "सावली सरकली की गाईलाही सरकवा."

"हं," तो म्हणायचा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती पाणी घेऊन परतली, मादामपुढं बादली ठेवली आणि तिची नजर खुरांवर गेली. खुरांच्या बेचक्यात लाल माती चिकटलेली होती. वस्तीभोवती सगळी पांढरी वाळू. लाल माती एकाच ठिकाणी, कोरड्या तळ्यात, आणि ते चांगलं दीड तासाच्या वाटेवर. मादामची कूस भात्यासारखी हलत होती. तोंडाला फेस होता. बादली तिनं डोकं वर न करता रिकामी केली आणि दुसरीसाठी हंबरली.

ताक्को वळली. आता चांगलं फैलावर घ्यावं, असंच तिच्या मनात होतं. तुमच्या पायांची खाज माझ्या नातीच्या जिवावर का, असं विचारावं.

योरो झोपडीसमोर बसला होता. त्याच्यापुढं निखारे होते आणि निखाऱ्यांवर किटली. तो गुणगुणत होता. गुरांमागं चालताना तो जे गुणगुणायचा तेच, गाईंची नावं एकामागून एक घेत. "चहा घेतेस का?" त्यानं विचारलं. "पहिला कडू झालाय. दुसरा चांगला होईल." आणि संध्याकाळी त्यानं बाजरीचं अख्खं भांडं पुसून खाल्लं.

तिनं तोंड उघडलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. ती मनाशी म्हणाली, एक दिवसच गेला असेल. उद्या गुडघा दुखेल, बसेल गप. गाय धष्टपुष्ट आहे. दोनशे कोस नाही चालणार, पण थोडं फिरली तर काय मरते? असली सोयीची उत्तरं माणसाला पटापट सुचतात, आणि ताक्को काही वेडी नव्हती, तिलाही ती सुचली.

तो एक दिवस नव्हताच. ती पाण्याला गेली की तो गाय सोडायचा. ती यायच्या आत परत आणून मांडवात बांधायचा, आणि असा साळसूद चेहरा करून बसायचा की हसू यावं. चोराच्या मनात चांदणं; न विचारताच सांगायचा, "आज फार शांत बसली होती हो." ताक्को म्हणायची, "बरं झालं." खुरांची माती ती रोज बघायची. एकदा तर तिनं ओल्या फडक्यानं ती स्वतः पुसून काढली. का पुसली, कुणी येऊन बघणार होतं का? नव्हतं. तिलाच ती बघवत नव्हती.

मे लागला आणि वाऱ्याचा रंगच पालटला. पहाटेसुद्धा तो तव्यावरून आल्यासारखा यायचा. पक्षी चोची उघड्या टाकून बाभळीत बसत. मादाम आता सकाळी सावलीतही जीभ बाहेर काढून धापा टाकायची. दोरीसारखी लाळ खाली लोंबायची. पोट खाली उतरलं होतं, पण कास अजून भरली नव्हती. निघताना ताक्को एकदाच म्हणाली, "आज ऊन फार आहे. गाय सावलीतच बरी."

"सावलीतच तर आहे," योरो म्हणाला, आणि वर बघितलं नाही.

'तळ्याकडे नेऊ नका' एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. ते जिभेवर आलेही होते. पण ते उच्चारले असते तर त्याची चोरी उघडी पडली असती, आणि स्वतःच्या बायकोपुढं चोर ठरलेला फुलानी म्हातारा पुन्हा जेवला नसता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं गाढव हाकललं.

त्या दिवशी रांग लहान होती. ती तासभर आधीच परतली. मांडव रिकामा होता. दावं खुंट्याला तसंच. दिक्कोला पाठीवरून उतरवायचंही तिला सुचलं नाही. उन्हात हात कपाळाला लावून ती कोरड्या तळ्याच्या दिशेला बघत उभी राहिली. बऱ्याच वेळानं ते दिसले. पुढं योरो, पाय फरफटत, आणि त्याच्या मानेवर काहीतरी. मागं मादाम, तोंड त्याच्या पाठीला लावून, मागच्या पायांमधून वार लोंबत असलेली.

तो आला. त्यानं मानेवरचं वासरू मांडवात उतरवलं. कालवड होती. काळी, कपाळावर पांढरा टिळा, आणि शेळीच्या करडाएवढी. तीन आठवडे आधी आली होती. केस ओले नव्हते; वाटेतच वाळले होते.

"तळ्याच्या काठावर बसली," योरो म्हणाला. "उठवली तर उठेना. मग..." विचारायला वेळ कुठं होता? मादाम वासराला चाटत होती आणि वासरू मान उचलत नव्हतं.

आपल्या गाईंची वासरं चाटून पुरी व्हायच्या आत उभी राहतात, धडपडतात, आचळ शोधून ढुशा देतात. वासराला आचळ माणसानं दाखवू नये, ज्याचं त्यानं शोधावं, असं योरोचा बाप सांगायचा, योरोही सांगायचा. त्या दिवशी योरो काही सांगत नव्हता. त्यानं वासराला दोन्ही हातांनी उभं धरलं. पाय दुमडले. पुन्हा धरलं. पुन्हा दुमडले. ताक्कोनं चीक काढला. वासरू समोर होतं म्हणून मादामनं पान्हा सोडला, पिवळा, दाट. बोट बुडवून तिनं वासराच्या तोंडात घातलं. तोंड आतून गार लागलं. अशा उन्हात गार! जीभ बोटाभोवती वळत नव्हती. चीक एका कोपऱ्यातून आत जाई, दुसऱ्या कोपऱ्यातून बाहेर येई.

"पी गं बाई," ताक्को म्हणत होती. "पी गं माझे आई. तू प्यालीस तर ती पिईल."

संध्याकाळपर्यंत घोट घोट करून वाटीभर चीक पोटात गेला. मग ती टेकडावर चढली, तिथं फोनला आवाज मिळतो, आणि लातीरला बोलावलं.

तो सकाळी आला. लांबून हाक मारली, "गुलामा, वासरू झालं म्हणे, मालकाचा वाटा कुठाय?" आणि मग मांडवात येऊन वाकला. वासराचे डोळे खोल गेले होते, शेपटीखालचं सगळं पाण्यासारख्या हगवणीनं घाण झालं होतं. त्यानं हिरड्या बघितल्या, ताप मोजला. सलाईन लावली.

"मावशी," त्यानं खाली बघतच विचारलं, "सावलीत होती ना ही?"

"सावलीतच होती," ताक्को म्हणाली. तिला स्वतःच्या आवाजाची लाज वाटली. "रोज."

लातीरनं मादामच्या खुरांकडं बघितलं. लाल माती सुकून तडकली होती. काल ती पुसायला कुणाला सुचलं नव्हतं. त्यानं मग योरोकडं बघितलं. योरो मांडवाबाहेर उन्हात उभा होता, काठीवर दोन्ही हात ठेवून.

लातीर उठला, हात धुतले, सामान आवरलं. योरोसमोर थांबला आणि अदबीनं म्हणाला, "येतो बाबा. तब्येतीला जपा."

बाबा! सेरेरच्या पोरानं फुलानी म्हाताऱ्याला बाबा म्हणावं! त्यापेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. शिवी दिली असती तर योरोनं उलट दिली असती, दोघंही मोकळे झाले असते. परक्या माणसाशी बोलावं तसं बोलून तो निघून गेला. मोटारसायकलचा आवाज बंद होईपर्यंत योरो तसाच उभा होता.

कालवड तिसऱ्या दिवशी सकाळी मेली. मेली हेसुद्धा पटकन कळलं नाही, इतकी ती आधीपासून निपचित होती.

भुकटीचा शेवटचा डबा त्याच्या आदल्या दिवशीच खरवडून संपला होता. शेवटची शेळी दोन आठवड्यांपूर्वी गेली. वासरू होतं तोवर जो चीक निघाला तो त्यालाच जगवण्यात गेला. बाजार पाच दिवसांवर. टेकडावरून दक्षिणेला मुलांना फोन केला, दुभती गाय पाठवावी तर ती वाटेतच पडेल, म्हणाले, आणि ते खरंच होतं. दिक्कोला ताक्को बाजरीची पेज पातळ करून पाजत होती. पहिल्या दिवशी पोर चिडून रडली. दुसऱ्या दिवशी तिचं रडणंही बारीक झालं. रडणं बारीक होणं म्हणजे काय हे ताक्कोनं एकदा, लेकीच्या बाळंतपणात, ऐकलेलं होतं.

आणि इकडं मादामची कास फुटायला आलेली. ताक्को धारेला बसली की मादाम मान वळवून मागं बघायची, वासरू दिसायचं नाही, आणि आचळं दगडासारखी व्हायची. पान्हा चोरला तो चोरलाच. चुचकारून झालं, मीठ चाटवून झालं, कोमट पाण्यानं कास शेकून झाली. ताक्कोनं शेवटी तिच्या मांडीवर बुक्क्या मारल्या. "दे की गं! तुला फुटायचंय का? पोर मरतंय माझं!" मादामनं लाथ झाडली. बादली लवंडली, तिच्यात सांडायला काही नव्हतंच.

दुपारी योरोनं कालवडीचं कातडं काढलं. त्याचा हात या कामात बसलेला होता. कातड्यात वाळलेलं गवत भरून त्यानं ते शिवलं, मीठ लावलं, आणि काठ्यांच्या पायांवर मादामपुढं उभं केलं. कळपात वासरू गेलं की असंच करतात. पुष्कळ गाई भुलतात. मादामनं त्याला हुंगलं. एकदा चाटलं. मग नाकानं ढकललं. ते आडवं पडलं आणि तसंच पडून राहिलं. मादामनं तोंड फिरवलं आणि असा हंबरडा फोडला की झोपडीत दिक्को दचकून जागी झाली.

"ढुशी देत नाही ना ते," योरो म्हणाला. "हलत नाही. तिला ढुशी पाहिजे."

दुसरं वासरू, करडू, काही म्हणजे काही वस्तीत नव्हतं. सगळं दक्षिणेला. ताक्को जमिनीवर बसून राहिली. आता बोलायचं काही राहिलंच नव्हतं, आणि अशाच वेळी माणसं बोलतात.

"तुला ठाऊक होतं," योरो म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला.

"होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही जेवायला लागला होतात," ताक्को म्हणाली. आणि मग तिचा बांध फुटला. "चहा करायला लागला होतात! मला वाटलं, माणूस परत आला माझा. वाटलं, गाय निभावून नेईल. मी मूर्ख! तुमची चूक निदान तुमच्या पायांनी केली. मी बघत बसले. लेकीची एवढीशी खूण राहिलीय माझ्याजवळ, आणि मी खुरांची माती पुसत बसले!"

योरो उठला. शिवण उसवून त्यानं कातड्यातलं गवत काढून टाकलं. टोपी काढून खुंट्याला अडकवली. अंगरखा काढला. पासष्ट वर्षांचं हाडकुळं अंग उघडं पडलं, आणि ताक्कोनं चटकन मान खाली घातली. दिवसाउजेडी तिनं त्याला असं कधी बघितलं नव्हतं.

"बादली घे," तो म्हणाला.

"अहो, काय करताय? कुणी बघितलं तर..."

"बघू दे."

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणापुढं पाठ वाकवली नाही, पायातला काटा लोकांसमोर काढला नाही, तो त्या सुजलेल्या गुडघ्यावर टेकला, मग दोन्ही हातांवर आला, आणि कातडं पाठीवर ओढून मादामच्या पुढ्यात चौपायी उभा राहिला. मीठ, रक्त आणि वासराचा वास. मादाम मागं सरली. फुसकारली. मग तिनं मान लांब केली. वासराचा वास होता, आणि त्याखाली त्या माणसाचाही होता. महिनाभर दर दिवसाआड ती त्याच्याच मागं चालली होती. तिनं त्याच्या खांद्याला नाक लावलं. योरो कातड्याखालून सरकत तिच्या कुशीला गेला आणि डोक्यानं तिच्या कासेला ढुशी दिली. पुन्हा दिली.

मादामनं मान वळवली आणि त्याला चाटायला लागली. तिची जीभ खरखरीत. कातड्याबाहेर राहिलेली त्याची मान, कान, पांढरे केस, सगळं तिनं ओढून ओढून चाटलं. ताक्कोच्या बोटांखाली आचळ मऊ झालं. पहिली धार बादलीच्या बुडावर वाजली.

"आलं?" त्यानं खालून विचारलं.

"आलं. हलू नका... नाही, हला. ढुशी द्या."

बादलीत फेस चढत गेला. चार आचळांपैकी दोन मोकळी झाली. योरोचा गुडघा वाळूत घसरत होता.

"उद्या सकाळी पुन्हा लागेल," ताक्को म्हणाली. "संध्याकाळीही. पाऊस पडून कळप परत येईपर्यंत."

"ठाऊक आहे."

झोपडीतून दिक्कोचा आवाज आला, बारीक, पण आला. मादाम अजून चाटत होती. मेलेल्या लेकीवरून जशी फिरली होती तशीच तिची जीभ म्हाताऱ्याच्या पाठीवरून फिरत होती, आणि त्या कातड्याखाली योरो रडत होता. मोठ्यानं, लहान पोरासारखा, लाज सोडून. ताक्कोनं चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते ऐकलं. उठून त्याला जवळ घ्यावं असं तिला फार वाटलं. पण तिनं हात थांबवला नाही. धार मध्ये तुटली तर गाय पान्हा चोरते.